मीटरचे दिवे लुकलुकतात तेव्हा

चाकणची सेकंड शिफ्ट सुटली की तळेगाव चौकापासून मोशीपर्यंत गाड्यांची रांग लागते. एसी चालू, हेडलाइट चालू, पाऊस असेल तर वायपरही चालू, आणि गाडी मात्र पहिल्या गिअरमध्ये बैलगाडीच्या चालीनं. डॅशबोर्डच्या दिव्यांना काहीतरी होतंय हे लक्षात येतं ते अशाच वेळी. उन्हात ते कळत नाही. अंधारात मीटरचा उजेड घडीत मंद, घडीत लख्ख होऊ लागला की नजर तिथंच खिळते. दुसऱ्या दिवशी गाडी गॅरेजात जाते. एक जण म्हणतो बॅटरी गेली, दुसरा म्हणतो मीटरच बदला. यातलं दुसरं निदान बहुतेक वेळा चुकीचं असतं आणि पहिलं बरेचदा घाईचं.

गंमत अशी, की हा बिघाड ज्या वस्तूंभोवती फिरतो त्यातल्या बऱ्याचशा याच पट्ट्यात बनतात. एक्साइडचा बॅटरी कारखाना चिंचवडला १९६९ पासून आहे. बेअरिंग बनवणाऱ्या एसकेएफचा कारखानाही चिंचवडलाच. गाडीभर पसरणाऱ्या तारांचे जुडगे हिंजवडीजवळच्या माणमध्ये बांधले जातात, आणि मिंडा समूह चाकणला मीटर बनवतो. निदानाला मात्र कारखाना लागत नाही. १० नंबरचा पाना, पॉलिश पेपरचा तुकडा आणि काहीशे रुपयांचा मल्टिमीटर एवढ्यावर निम्म्याहून अधिक काम होतं.

आधी ठरवा, लुकलुकतंय काय?

डॅशबोर्डवर दोन जातींचे दिवे असतात. एक, मीटरचे आकडे दिसावेत म्हणून मागून पडणारा उजेड. दोन, इशाऱ्याचे दिवे : बॅटरी, ऑइल, इंजिन, एबीएस, एअरबॅग. उजेड कमीजास्त होत असेल तर विजेच्या पुरवठ्यात खोट आहे असं समजून शोध सुरू करायचा. एखादाच इशारा लागत-विझत असेल तर शोध त्या-त्या भागापासून. किल्ली फिरवल्यावर सगळे इशारे एकदम लागतात आणि काही सेकंदांत किंवा इंजिन सुरू झाल्यावर विझतात, ती दिव्यांची हजेरी असते. तिला घाबरायचं कारण नाही.

लाल दिवा म्हणजे थांबा, पिवळा म्हणजे लवकर दाखवून घ्या, हिरवा-निळा नुसती माहिती. लाल बॅटरीच्या चित्राचा अर्थ बहुतेक जण चुकीचा घेतात. तो दिवा 'बॅटरी खराब' असं म्हणत नाही, 'चार्जिंग होत नाही' असं म्हणतो. त्याच वेळी तापमानाचा काटा वर चढत असेल तर गाडी तिथंच बाजूला घ्या. अनेक इंजिनांत एकच पट्टा डायनॅमो आणि पाण्याचा पंप दोन्ही फिरवतो. तो तुटला असेल तर पुढच्या दोन किलोमीटरांत इंजिनच बसायचं.

अजून एक, कारण या भीतीनं गॅरेज गाठणारे आहेत. मीटरचा मोबाइलवर व्हिडिओ काढला की त्यात पट्टे सरकताना, दिवे फडफडताना दिसतात. एलईडीचा उजेड कमी करण्यासाठी तो सेकंदाला शंभराहून अधिक वेळा चालू-बंद केला जातो. डोळ्याला ते कळत नाही, कॅमेऱ्याला कळतं. डोळ्याला स्थिर दिसत असेल तर गाडी ठीक आहे. तसंच ज्या गाडीत दिवे आपोआप लागतात, ती भोसरीच्या उड्डाणपुलाखालच्या सावलीत शिरली की मीटरचा उजेड बदलणारच.

कधी होतं, ते दोन दिवस टिपून ठेवा

वैद्य नाडी धरण्याआधी विचारतो, कधीपासून आणि कधी कधी? इथंही अर्धं निदान तिथंच आहे.

सिग्नलला उभं असताना उजेड मंद आणि ॲक्सिलरेटर दाबल्यावर ठीक, तर चार्जिंग अपुरं पडतंय. खड्ड्यात किंवा ब्रेकरवर झपकन विझून परत येत असेल तर कुठंतरी सैल आहे. सेल्फ मारताना मीटर पूर्ण अंधारतं आणि घड्याळ शून्यावर येतं, तर बॅटरी किंवा तिची टोकं. किल्ली नुसती हलवली तरी दिवे हलतात, तर इग्निशन स्विचचे आतले संपर्क झिजलेत. घर, कपाट, लॉकर, कंपनीचं ड्रॉवर अशा दहा किल्ल्यांचा जुडगा गाडीच्या किल्लीला लटकवणाऱ्यांकडे हे हमखास. वेग वाढेल तसा उजेड गरजेपेक्षा जास्त होत गेला, हेडलाइटचे बल्ब वारंवार उडू लागले, तर डायनॅमोचा रेग्युलेटर गेला. जुने मिस्त्री त्याला आजही कटआउट म्हणतात.

आणि इंडिकेटरच्या टिक-टिकच्या तालावर मीटर लुकलुकत असेल, तर मी पैज लावून सांगेन, अर्थिंग. त्याच्याबद्दल पुढे सविस्तर.

बॅटरीची टोकं

बॉनेट उघडा, इंजिन बंद ठेवा, आणि बॅटरीच्या दोन्ही टर्मिनलना हातानं पिळून बघा. जराही फिरलं तर चोर सापडला. पांढरी किंवा हिरवट-निळी पूड साठली असेल तर तीही वीज अडवते. आधी काळी तार काढायची, मग लाल. बसवताना उलटं, लाल आधी आणि काळी शेवटी. हा क्रम का? लाल टर्मिनल सोडवताना पाना चुकून बॉडीला लागला तर काळी आधीच सुटलेली असल्यानं ठिणगी पडत नाही. तार काढण्यापूर्वी म्युझिक सिस्टिमला कोड लागतो का, तेवढं गाडीच्या पुस्तकात बघून घ्या.

कोमट पाण्यात खायचा सोडा घालून जुन्या ब्रशनं पूड धुवा, बॅटरीच्या झाकणांतून ते पाणी आत जाऊ देऊ नका. टर्मिनलची आतली बाजू पॉलिश पेपरनं घासून चकाकवा, घट्ट आवळा आणि मग वरून व्हॅसलीन लावा. आवळण्याआधी नाही. मधे पातळ तवंग राहिला तरी संपर्क बिघडतो. काही नव्या गाड्यांत काळ्या टर्मिनलवरच करंट मोजणारा छोटा सेन्सर बसवलेला असतो, त्याच्यावर पाना-हातोडा चालवू नका.

तीन आकडे

मल्टिमीटर डीसी व्होल्टवर ठेवून तीन वेळा मोजायचं.

पहिला आकडा सकाळी, गाडी रात्रभर उभी राहिल्यावर. १२.६ व्होल्ट म्हणजे बॅटरी पूर्ण भरलेली, १२.२ म्हणजे साधारण निम्मी, १२ च्या खाली म्हणजे जवळजवळ रिकामी. दुसरा आकडा कुणालातरी सेल्फ मारायला सांगून. काटा ९.६ च्या खाली गेला तर भरलेली बॅटरीही आतून थकलेली आहे. तिसरा इंजिन चालू असताना : १३.८ ते १४.५ च्या आसपास हवा. १३ च्या खाली राहत असेल तर चार्जिंग नाही, १५ च्या वर जात असेल तर जास्त चार्जिंग. दोन्ही वाईट, आणि दुसरं अधिक महाग, कारण त्यात बॅटरीबरोबर इलेक्ट्रॉनिक वस्तूही भाजतात.

इथं नव्या गाडीवाल्यांनी एक ध्यानात ठेवायचं. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ चे प्रदूषण नियम लागू झाले, आणि इंधन वाचवण्यासाठी बऱ्याच नव्या गाड्यांत डायनॅमोचं चार्जिंग कॉम्प्युटर ठरवतो. बॅटरी भरलेली असेल तर तो मुद्दाम व्होल्टेज खाली आणतो. तेव्हा १२.८ दिसलं म्हणून डायनॅमो बदलायला धावू नका. हेडलाइट, ब्लोअर, मागच्या काचेचा हीटर सगळं चालू करा आणि पुन्हा मोजा. आकडा वर चढला तर सगळं जागेवर आहे.

बॅटरी खरंच बदलावी लागली तर जुनी दुकानदारालाच परत द्या. बॅटरी कचऱ्याचे २०२२ चे नियम त्यासाठीच आहेत. आत शिसं आणि ॲसिड असतं. गल्लीबोळात फोडलेल्या बॅटरीचं पाणी शेवटी ओढ्यातून इंद्रायणी-पवनेलाच मिळतं.

अर्थिंग : सगळ्यात दुर्लक्षित तार

घरात प्रत्येक दिव्याला दोन तारा येतात. गाडीत एकच येते. परतीची वाट म्हणजे गाडीचा पत्रा. मीटर, हेडलाइट, इंडिकेटर, रेडिओ सगळ्यांचा करंट पत्र्यातून वाहत एका जाड काळ्या तारेनं बॅटरीला परततो. अनेक वस्तूंची परतीची वाट एकाच बोल्टवर आणलेली असते. तो बोल्ट गंजला की एकाचा त्रास सगळ्यांना.

हिशोब सोपा आहे. एका बाजूचे पुढचा-मागचा इंडिकेटर २१ वॅटचे धरले तर ४२ वॅट झाले, म्हणजे १२ व्होल्टवर साडेतीन अँपिअर. गंजलेल्या जोडात एक दशांश ओहमचा विरोध आला, तर इंडिकेटर लागेल तेव्हा तिथं ०.३५ व्होल्ट खर्ची पडतात, विझला की परत मिळतात. त्याच बोल्टवर मीटर असेल तर त्याचा उजेड त्याच तालावर खालीवर होणार. आता इंडिकेटरच्या जागी रेडिएटरचा पंखा कल्पा. पंधरा-वीस अँपिअर सहज. दीड-दोन व्होल्ट गायब. एसी लावला की मीटर मंद पडतं, ते यामुळंही. अशा वेळी नवी बॅटरी टाकली तर चार दिवस बरं वाटतं आणि पुन्हा तेच, कारण वाट जुनीच राहिली.

तपासणी करायला पाच मिनिटं पुरतात. इंजिन चालू, हेडलाइट आणि ब्लोअर चालू. मल्टिमीटरची काळी पिन बॅटरीच्या काळ्या शिशाच्या खुंटीवर धरा. वरच्या क्लॅम्पवर नको, खुंटीवरच. लाल पिन बॉडीच्या उघड्या पत्र्यावर टेकवा, मग इंजिनच्या धातूवर. ०.१ व्होल्टच्या आत आलं तर उत्तम. ०.२ च्या वर संशय. अर्धा व्होल्ट दिसला तर दुसरं काही शोधायची गरजच नाही.

हे बोल्ट असतात कुठं? एक बॅटरीच्या ट्रेजवळ बॉडीला. एक इंजिन किंवा गिअरबॉक्सपासून बॉडीला जाणारी विणलेली चपटी पट्टी. इंजिन हलतं, पट्टी वर्षानुवर्षं वाकते आणि एकेक तार तुटत जाते. वरून सगळं शाबूत दिसतं. आणि मीटरचं स्वतःचं अर्थिंग बहुतेक डॅशबोर्डखाली, ड्रायव्हरच्या किंवा शेजारच्या सीटच्या पायाजवळच्या खांबात. काचेच्या रबरातून झिरपलेलं पाणी नेमकं तिथंच उतरतं. गालिचा उचलून हात लावून बघा, ओल लागेल.

एक खास आपल्याकडचं कारण सांगतो. नाशिक रस्त्यावर गाडी घासली, डेंटिंग-पेंटिंग करून घेतलं आणि महिन्याभरात दिवे नाचू लागले, असं झालं असेल तर पेंटरनं अर्थिंगच्या जागेवरही रंग मारलाय का ते बघा. रंग म्हणजे वीज अडवणारा थर. बोल्ट वरून कितीही आवळला तरी उपयोग नाही. बॅटरीची काळी तार सोडा, बोल्ट काढा, पत्रा पॉलिश पेपरनं चकचकीत करा, दातेरी वॉशर घालून आवळा, वरून ग्रीस किंवा व्हॅसलीन. खर्च जवळपास शून्य.

डायनॅमो

खरं नाव अल्टरनेटर, पण भोसरी-पिंपरीच्या ऑटो इलेक्ट्रिशियनकडे डायनॅमोच म्हणतात. त्यात तीन फेजची एसी वीज तयार होते आणि सहसा सहा डायोड तिला डीसी करतात. एक डायोड गेला तरी चार्जिंग थांबत नाही, नुसतं लंगडं होतं. विजेत लाटा राहतात, आणि एलईडी मीटर इतकं भरभर थरथरतं की आपल्याला डोळे थकल्यासारखं वाटतं. रेडिओत इंजिनबरोबर चढणारी-उतरणारी किणकिण ऐकू येते. मल्टिमीटर एसी व्होल्टवर करून चालू गाडीच्या बॅटरीवर धरा. अर्ध्या व्होल्टच्या वर एसी दिसला तर डायोड प्लेट काढून तपासायची. रात्रीत बॅटरी उतरवणारा चोरही कधी कधी हाच डायोड असतो.

जुन्या गाड्यांत बॅटरीचा दिवा स्वतःच निदान सांगतो. त्याच्या एका टोकाला बॅटरी, दुसऱ्या टोकाला डायनॅमो. दोन्हीकडे विजेचा दाब सारखा असला की दिवा विझलेला. डायनॅमो कमी पडला की दिवा लागतो. आणि गाडी चालू असताना तो रात्री काजव्यासारखा पुसट दिसत राहिला, तर दाबात थोडाच फरक आहे : डायोड, झिजलेले कार्बन ब्रश किंवा मधला एखादा खराब जोड. नव्या गाड्यांत हा दिवा कॉम्प्युटर लावतो, त्यामुळं ही युक्ती तिथं चालत नाही.

पट्टा विसरू नका. पावसाळी सकाळी सुरू करताच किर्रर्र आवाज येतो तो पट्टा घसरल्याचा. कार्बन, बेअरिंग आणि डायोड प्लेट बदलून डायनॅमो दुरुस्त करून घेणं मला योग्य वाटतं. आतली वाइंडिंग जळाली असेल तर मात्र नवाच घ्यावा.

उंदीर, पाऊस आणि हौस

कंपन्यांच्या पार्किंगमागे शेतं आणि शेजारी कांद्याच्या चाळी. चाकणच्या उंदराला उभी गाडी म्हणजे उबदार वाडा. आठ तास उभ्या गाडीत तो वायरचं वेष्टण कुरतडतो. उघडी तार बॉडीला कधी लागते, कधी लागत नाही, म्हणून दिवेही तसेच. कुणी तंबाखूच्या पुड्या बांधतात, वास आहे तोवर उपयोग होतो म्हणे. तुटलेली तार नुसती पिळून टेप गुंडाळू देऊ नका. बॉनेटच्या उष्णतेत टेपचा डिंक वितळतो आणि वर्षाच्या आत तोच जोड पुन्हा उघडतो. सोल्डर करून वर उष्णतेनं आवळणारी नळी घाला.

एमआयडीसीच्या धुळीला कंटाळून प्रेशरनं इंजिन धुऊन घेणारेही आपल्यात पुष्कळ. ते पाणी तारा जोडणाऱ्या कपलरच्या आत शिरतं, पितळी पिना हिरव्या पडतात आणि त्याचं बिल पुढच्या पावसाळ्यात येतं.

हौशीचं तर विचारूच नका. मोठा हॉर्न, ॲम्प्लिफायर, डॅशकॅम, ट्रॅकर, स्वस्त एलईडी बल्ब. यांची जोडणी कुणीतरी ब्लेडनं तार सोलून केलेली असते. बाहेरून बसवलेल्या सगळ्या वस्तूंचे फ्यूज काढा आणि दोन दिवस गाडी चालवा. लुकलुक थांबली तर एकेक परत जोडत जा, चोर आपोआप सापडेल.

मीटर सगळ्यात शेवटी

वरचं सगळं तपासून झाल्यावरच मीटरकडे वळायचं. त्याआधी उजेड कमीजास्त करायचं बटण किंवा चाक सात-आठ वेळा पूर्ण फिरवा. आतला संपर्क मळला असेल तर एवढ्यानंही उजेड स्थिर होतो. मग डॅशबोर्डवर मीटरच्या वर हलकी थाप मारा. थापेसरशी दिवे बदलले तर मागचा कपलर सैल आहे किंवा सर्किटवरचं सोल्डर तडकलं आहे. दोन्ही दुरुस्त होतात. मीटर बदलायचंच ठरलं तर जुन्यावरचे किलोमीटर जॉब कार्डवर लिहून घ्या, नाहीतर गाडी विकताना उत्तर देत बसाल.

काटे एकदम शून्यावर पडतात, एबीएसपासून स्टीअरिंगपर्यंत सगळे इशारे गणपतीच्या मखरासारखे लागतात आणि क्षणात सगळं पूर्ववत, असं झालं तर गाडीतल्या कॉम्प्युटरांचं आपसातलं बोलणं तुटतंय. स्कॅनर लावून घ्या. पी ०५६२ म्हणजे व्होल्टेज कमी, पी ०५६३ म्हणजे जास्त, यू ०१५५ म्हणजे मीटरशी संपर्क तुटला. पी ०५६२ बरोबर दहा इतर कोड आले असतील तर आधी व्होल्टेजचा प्रश्न सोडवा, बाकीचे बरेचदा आपोआप जातात.

इलेक्ट्रिक गाडीत डायनॅमो नसतो. पण महिंद्राच्या चाकणला बनणाऱ्या बीई ६ सारख्या गाडीतही मीटर चालतं ते कमी दाबाच्या वेगळ्या पुरवठ्यावरच. मोठ्या बॅटरीतून एक कन्व्हर्टर त्याला वीज देतो. तिथं टर्मिनल डोळ्यांनी बघण्यापलीकडे हात घालू नका, आणि नारिंगी तारांच्या वाटेला तर अजिबात जाऊ नका.

हे मात्र करू नका

डायनॅमो चालतो का बघायला चालू गाडीचं टर्मिनल काढायची एक जुनी रीत आहे. ती कार्ब्युरेटरच्या जमान्यात खपून गेली. आज तसं केलं तर डायनॅमोचा दाब क्षणभर कितीतरी पटींनी उसळतो आणि इंजिनचा कॉम्प्युटर जळू शकतो. समोर कुणी असं करायला निघालं तर तिथंच हात धरा. सारखा उडणारा फ्यूज मोठ्या अँपिअरचा घालणं म्हणजे तारेलाच फ्यूज बनवणं. आग लागते ती अशीच. बॅटरीतून हायड्रोजन निघतो, तिच्यावर वाकून काडी पेटवू नका. आणि वॉरंटीतल्या गाडीची एकही तार बाहेर कापू देऊ नका.

गॅरेजात गेल्यावर

'दिवे लुकलुकतात' एवढंच सांगितलंत तर अंदाजानं काम सुरू होतं. त्याऐवजी म्हणा : 'एसी लावून सिग्नलला उभं राहिलं की मंद होतात, सकाळी बॅटरी १२.५ दाखवते, चालू गाडीत १३.२.' समोरचा मिस्त्री लगेच सावरून बसतो. बॅटरी, डायनॅमो किंवा मीटर, काहीही बदलायला होकार देण्याआधी तीन आकडे आणि अर्थिंगचा आकडा तुमच्यासमोर मोजून दाखवायला सांगा. जो मोजायला तयार नाही, त्याच्याकडून गाडीची किल्ली परत घ्या.